लायडनची कॉफी आणि शुक्रवार पेठेतली खोली

नीलव्वा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. चौथीचा वर्ग चालू होता, फळ्यावर भागाकाराचं उदाहरण अर्धवट होतं, आणि वर्गाच्या दारात भागूबाई येऊन उभी राहिली. गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात काम करणारी ही बाई शाळेच्या आवारात याआधी कधीच आली नव्हती. पदर तोंडाशी धरलेला होता, पण आवाज स्थिर होता. "बाई, आक्का गेल्या. सकाळच्याला. तुमास्नी कोन सांगनार म्हून मीच आले." विषमज्वराने अठरा दिवस धरलं होतं तिला. आदल्याच संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून आले होते. ओठ कोरडे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि तशातही तिने एकच विचारलं, खोली आज उघडली होती का? भागूबाईने उघडली होती. ते सांगितल्यावर तिने मान हलवली आणि कूस बदलली... आमचं तेच शेवटचं बोलणं.

आता त्याला सहा आठवडे होऊन गेले. त्या खोलीविषयी सांगितल्याशिवाय नीलव्वा कोण होती हे वाचकांना कळायचं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आम्ही दोघी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एकाच गल्लीत वाढलो. माझे वडील शिक्षक, तिचे कापडाचे व्यापारी, लिंगायत. तिच्या घरात कानडी, ओट्यावर मराठी. मुलींच्या शाळेत आम्ही शेजारी शेजारी बसायचो. एकदा ती माझ्याशी कानडीत बोलली म्हणून बाईंनी तिला दटावलं. तिने मान खाली घातली नाही. "मग बोलतच न्हाई की," म्हणाली, आणि दोन दिवस खरोखरच कुठल्याही भाषेत तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनीच तिला हाक मारून पाढे म्हणायला लावले. चौथीनंतर तिचं लग्न झालं, सासर दोन गल्ल्या पलीकडे. मी शिकत राहिले आणि पुढे त्याच शाळेत शिकवायला लागले.

तिचे यजमान मल्लप्पा एका गिरणीत मागांवरचे जाणते कारागीर. चादरी विणणाऱ्या त्या गिरणीच्या मालकांना ब्लँकेटं काढायची होती, आणि हॉलंडातल्या लायडन गावात ब्लँकेटांचे मोठे कारखाने आहेत असं कळल्यावर त्यांनी मल्लप्पांना तिकडे पाठवायचं ठरवलं. मल्लप्पांचं पोट लहानपणापासून नाजूक. परक्या देशात हा माणूस खाणार काय, या काळजीने घरच्यांनी नीलव्वाला बरोबर धाडलं. म्हणजे आमच्या पेठेतली बाई विलायतेच्या बोटीवर चढली ती केवळ भाकरी भाजायला.

तिथे झालं ते वेगळंच. मल्लप्पा सकाळी अंधारातच कारखान्यात जायचे. घरमालकीण स्वयंपाकघर फक्त सकाळ-संध्याकाळ वापरू द्यायची, आणि शेगडी पेटवायची ती दिवस मावळल्यावर. सोलापूरच्या उन्हात वाढलेली ही पोर त्या खोलीत तीन शाली गुंडाळून बसायची आणि तरी बोटं बधिर व्हायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने ठरवलं की बसून गोठण्यापेक्षा चालत राहिलेलं बरं. इरकली लुगड्यावर मल्लप्पांचा लांब कोट चढवला आणि ती कालव्याच्या कडेने निघाली. एका दाराच्या काचेतून तिला आत दुधाच्या चरव्या दिसल्या. दूध म्हणजे आपल्याला चालणारी वस्तू, म्हणून ती धीर करून आत शिरली. पांढरा एप्रन बांधलेली एक म्हातारी विधवा पुढे आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "खाट यू झिटन." नीलव्वाला वाटलं, ही बाई आपल्याला निजायला खाट देते आहे! ती घाईघाईने नको नको म्हणत राहिली. नंतर उमगलं की त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की बसा.

ती बसली. म्हाताऱ्या बाईने तिच्या पायांखाली एक लाकडी पेटी सरकवली. पेटीच्या झाकणाला भोकं, आत निखारा. मग कॉफी आली, दुधाळ, सोबत एक बिस्कीट. टेबलावर गालिचा अंथरलेला होता, आणि भिंतीशी वर्तमानपत्रं काठीला अडकवून टांगलेली. त्या दिवशी तिने मला जे पत्र लिहिलं, त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. "अंबू, मी दोन तास नुसती बसले, आणि कुणी विचारलं नाही की कुणाची कोण, इथे काय काम. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी परक्याने खुर्ची दिली."

त्यानंतर आठ महिने तिची पत्रं म्हणजे लायडनच्या कॉफीच्या जागांची वर्णनंच. एक स्टेशनाजवळची. तिथे गाडीची वाट बघणाऱ्या बायका विणकाम करत बसत, आणि एकीने तिला टाका शिकवला. एक पुलाच्या तोंडाशी. तिथे सफरचंदाची पोळीसारखी काहीतरी मिठाई मिळे, पण आधी अंडं आहे का ते खुणांनी विचारावं लागे. कोंबडीचा आवाज काढून विचारल्याचं तिने लिहिलं होतं, आणि सगळं दुकान हसलं तेव्हा आपणही हसलो असंही. पण तिला सर्वांत आवडली ती बाजाराजवळची. शनिवारी खेड्यांतून भाजी घेऊन आलेल्या बायका लाकडी जोडे दाराशी काढून आत येत आणि टोपली पायाशी ठेवून बसत. त्यांच्याच टेबलाला टोपी घातलेल्या एखाद्या प्रोफेसराच्या बायकोने खुर्ची ओढली तरी कुणाचं काही बिघडत नसे. ते वाचून मी मनात म्हटलं, ठीक आहे, तो देश वेगळा.

नीलव्वाने मात्र तसं म्हटलं नाही. परत आली ती मनाशी ठरवूनच. सासरच्या घराची रस्त्यावरची पुढची खोली रिकामी होती. तिथे बायकांसाठी बसायची जागा करायची, असं तिने सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, सांगितलं. घराण्यात हॉटेल काढायचं, तेही सुनेने? अप्पा कडाडले. ती ऐकून घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पाया पडली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. चार महिने एकही सकाळ चुकली नाही, शब्द बदलला नाही, आवाज चढला नाही. शेवटी अप्पाच थकले. म्हणाले, "कर बाई एकदाचं. निदान सकाळी शांतपणे देव तरी आठवेल मला."

चार टेबलं, सोळा खुर्च्या. टेबलांवर तिने सोलापुरी चादरी अंथरल्या तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. दारावर पाटी लावली, 'बायकांसाठी बसायची जागा. कॉफी मिळेल.' पहिले पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही. टवाळ माणसं तेवढी दारावरून शेरे मारत गेली. मग एका मंगळवारी बाजाराला आलेली माणदेशाकडची एक धनगरीण तान्ह्याला पाजायला आडोसा शोधत आत आली, आणि पाणी पिऊन, कॉफी पिऊन, तासभर बसून गेली. पुढच्या मंगळवारी तिने आणखी तिघींना आणलं. हळूहळू पेठेतल्या बायका आल्या, विणकरांच्या घरच्या तेलुगू बोलणाऱ्या बायका आल्या. मीही शाळा सुटली की जायचे. नीलव्वा प्रत्येकीला दाराशी जाऊन म्हणायची, "बर्री, कूड्री." या, बसा.

आता लिहायला जड जाणारं लिहिते. वैशाखातली दुपार होती. आम्ही पाच-सहाजणी बसलो होतो. दारात एक बाई भिंतीला धरून उभी राहिली, उन्हाने पार गळलेली. ती भागूबाई. तिने आत पाऊल टाकलं नाही. म्हणाली, "बाय, हितं बसू का वाईच? पर आदी सांगते, मी गावकुसाभायेरच्या वस्तीतली हाय."

नीलव्वाने पाटीकडे बोट दाखवलं. "तिथं बायकांसाठी लिहिलंय. तू बाईच हायस की. ये."

भागूबाई आली आणि अगदी कडेच्या खुर्चीवर टेकली. मग एकजण उठली, मग दुसरी. पहिली उठली ती मी नव्हे, पण तिसरी मी होते. मुलींना रोज समतेचे धडे सांगणारी मी... घरी काय म्हणतील, शाळेत काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. नीलव्वा माझ्याकडे बघून नव्हे, सगळ्यांना मिळून म्हणाली, "ज्यांना उठायचंय त्यांनी उठावं. बसलेलीला मी उठवणार न्हाई." आणि कॉफीचा पेला तिने भागूबाईसमोर ठेवला.

अप्पांनी फर्मावलं की त्या बाईचा पेला वेगळा ठेवा. नीलव्वाने ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच पेल्यातून स्वतः प्यायला लागली. मग सासूबाईंना म्हणाली, आता माझ्या हातचं तुम्हाला चालायचं नाही, स्वयंपाक तुम्ही करा. सासूबाईंनी दोन दिवस चूल फुंकली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तो पेला उचलून बाकीच्या पेल्यांत मिसळला.

मी बावीस दिवस तिकडे गेले नाही. तेविसाव्या दिवशी गेले तर खोलीत दोघीच, नीलव्वा आणि भागूबाई. नीलव्वा उठून दाराशी आली आणि मला म्हणाली, "बर्री, कूड्री." लहानपणापासून मला अगंतुगं करणाऱ्या मैत्रिणीने एखाद्या नव्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं मला मानाने 'या, बसा' म्हटलं. तिने शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. सोळा खुर्च्यांपैकी चौदा मोकळ्या होत्या. मी भागूबाईच्या समोरची ओढली आणि बसले. नीलव्वा आत गेली, कॉफी घेऊन आली, पेला माझ्यापुढे ठेवून क्षणभर थांबली. मग म्हणाली, "साखर पुरे का गं, अंबू?" भागूबाईने साखरेची वाटी माझ्याकडे सरकवली.

पेठेतल्या बायका परतायला वर्ष लागलं. काही कधीच परतल्या नाहीत, आजही त्या दारावरून मान वळवून जातात. नीलव्वाने त्यांच्याविषयी कधी वाईट शब्द काढला नाही. त्यांच्या वाटेकडे डोळे लावूनही बसली नाही.

ती गेल्यावर महिन्याभरात भाऊबंद मल्लप्पांकडे आले. खोली आता मोकळीच आहे, कापडाचे गठ्ठे ठेवायला द्या, म्हणाले. मल्लप्पांनी आम्हा दोघींना बोलावणं धाडलं. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तोवर भागूबाई बोलून गेली. "आक्कांसाटी म्हून आमी येत नव्हतो, मालक. बसाया जागा हुती म्हून येत हुतो. आक्का गेल्या, जागा कुटं गेलीय?" मल्लप्पांनी किल्ली काढून तिच्या हातात दिली. आता भागूबाईने गिरणी सोडली आहे, खोली तीच बघते. अप्पा हयात असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

नीलव्वाची एक सवय होती. दुपारी खोली उघडली की कुणी यायच्या आधी ती स्वतःसाठी एक पेला भरून खिडकीतल्या खुर्चीवर बसायची, रस्त्याकडे तोंड करून, हातात विणकाम नाही की निवडायला तांदूळ नाहीत. एकदा मी विचारलं होतं, असं रिकामं बसायला तुला संकोच वाटत नाही? ती म्हणाली, बाई नुसती बसलेली लोकांनी बघितली पाहिजे, त्याशिवाय सवय कशी होणार.

शाळा सुटल्यावर हल्ली मी त्या खुर्चीवर बसते. तपासायच्या वह्या पिशवीतच राहू देते. पहिल्या दिवशी कान तापले होते, पदर दोनदा सारखा केला. समोरून जाणारी माणसं बघतात, काही ओळखीची असतात, एकदोघे थांबूनही बघतात. मी कॉफी पिते आणि त्यांना बघू देते.