अडीच मिनिटांनी सुरू होणारा लॅपटॉप

पालघरच्या तहसील कचेरीबाहेर मंदाताईंचं टेबल सोळा वर्षं आहे. दाखल्यांचे, वनपट्ट्यांचे, मोजणीचे अर्ज त्या टाइप करून देतात. लॅपटॉप २०१२चा, रॅम दोन जीबी, बॅटरी मेलेली. विंडोज सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची. माणसं तेवढी थांबत नाहीत. शेजारच्या शिवाजीच्या टेबलाकडे वळतात.

"ताई, तुमचं इंजिन तापेपर्यंत माझे दोन अर्ज निघतात," शिवाजी म्हणायचा.

मंदाताईंच्या कुंभवलीतल्या चाळीतला हर्षित एका कारखान्यातले संगणक सांभाळतो. बुधवारी सकाळी कामावर जाण्याआधी तो पेन ड्राइव्हवर विंडोजऐवजी चालणारं दोन प्रकारचं लिनक्स घेऊन आला.

"काकी, हे एकदम हलकं, वीस सेकंदांत चालू. हे दुसरं जरा जड, अडीच मिनिटं घेईल."

मंदाताईंनी वीस सेकंदांचं घेतलं. अट एकच, कीबोर्ड जुन्या टाइपरायटरसारखा चालला पाहिजे. "या वयात बोटांना नवं शिकवायला लावू नकोस." हर्षितने तसं करून दिलं.

त्याच दुपारी मनोरपलीकडच्या पाड्यावरून देवू आणि त्याची बायको लाडकी आली. वनपट्टा मोजणीच्या यादीत घालायचा होता, मुदत शुक्रवारपर्यंत. अर्ज अर्धा झाला आणि वीज गेली. वीज आल्यावर लॅपटॉप खरोखरच वीस सेकंदांत उभा राहिला. मंदाताईंनी पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं, नेहमीप्रमाणे देवूच्या तोंडाकडे बघत. स्क्रीनकडे बघितलं की समोरचा माणूस बोलायचा थांबतो, हा त्यांचा अनुभव. कागद छापला. वाचूनही दाखवला, पण तोंडपाठ मजकूर, डोळे पुढच्या गिऱ्हाइकावर. देवू-लाडकीने अंगठे लावले.

खिडकीवरच्या कारकुनाने कागद उलटसुलट केला. "मंदाताईंना विचारा, ही कुठली भाषा?"

अक्षरं देवनागरी होती, शब्द एकही नव्हता. बंद पडून सुरू झाल्यावर हलक्या लिनक्सने टाइपरायटरची कळांची मांडणी विसरून स्वतःची लावली होती. दोघं परत आली तोवर खिडकी बंद झाली होती. मंदाताईंनी दोघांना उद्या यायला सांगितलं. दोघांची आणखी एक दिवसाची मजुरी बुडणार होती.

"रोज सकाळी फक्त एकदा सेटिंग बघायची, काकी," हर्षित संध्याकाळी म्हणाला.

"दुपारी वीज गेली तर?"

"तेव्हा परत बघायची."

"दिवसातून चारदा जाते. मी विसरणार. ते अडीच मिनिटांचं मांडणी विसरत नाही ना? मग तेच टाक."

"स्लो वाटेल हां."

"वाटू दे."

गुरुवारी लॅपटॉपने अडीच मिनिटं घेतली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक शिवाजीकडे गेलं. देवू आणि लाडकी मात्र बसून राहिली. अर्ज छापून झाला, मंदाताई वाचायला लागल्या.

"काल पन तूच वाचलंस," लाडकी म्हणाली. "आमाला काय कळतं त्यातलं? आमी अंगठा लावून मोकळी."

मंदाताई थांबल्या. मग कागद घेऊन उठल्या आणि शिवाजीपुढे धरला. "मोठ्याने वाच. माझं तोंडपाठ आहे."

"मी?"

"तूच. त्यांना ऐकू दे."

शिवाजीने खाकरून सगळा अर्ज वाचला. गट नंबरवर देवू म्हणाला, "बेचाळीस नाय, चोवीस हाय."

मंदाताईंनी आकडा दुरुस्त केला, कागद पुन्हा छापला आणि पुन्हा शिवाजीकडे दिला.