शमीम मॅडमनी मला काचेवर दाखवलं

शमीम मॅडमची आणि माझी पहिली गाठ शाळेच्या कंपाऊंडच्या भिंतीवर पडली. भिंतीवर मी होतो, मॅडम खाली उभ्या होत्या. मंठा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत त्या नुकत्याच विज्ञान शिकवायला आल्या होत्या आणि मी आठवीत होतो, म्हणजे पटावर होतो. एक पाय बाहेर टाकलेला. मला वाटलं, आता छडी. मॅडम म्हणाल्या, "उडी मंग मार. वर्गात एकाची बी गाल खरवडू द्यायची हिंमत न्हाई. तुझी आहे का?"

हिंमत विचारल्यावर काय करणार, उतरलो.

त्यांनी काडीच्या बोथट टोकानं माझ्या गालाची आतली बाजू अलगद खरवडली, काचपट्टीवर पसरली, निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "बघ. हा तू."

मी डोळा लावला आणि मागंच सरकलो. निळे, चपटे, पोहे सांडल्यासारखे तुकडे, आणि प्रत्येकात एक गडद ठिपका.

"हे जित्तं होतं का, मॅडम?"

"आत्ता तुझ्याच तोंडात होतं ना?"

"अन् बाकीचा मी?"

"बाकीचा बी असाच. हाडात, डोळ्यात, काळजात. घडण वेगळी, काम वेगळं, पण सगळ्या पेशीच."

त्या दिवशी मी पळालो नाही. घरी जाऊन माझ्याच हाताकडं पाहत बसलो. मायला वाटलं, पोराला कुणी मारलं.

मॅडमचं शिकवणं असंच होतं, आधी धक्का, मग पुस्तक. पेशीच्या आवरणाला त्या गावाची वेस म्हणायच्या, कारण आत कोण येणार आणि बाहेर कोण जाणार हे तिथं ठरतं. तंतुकणिका म्हणजे चूल. तो गडद ठिपका म्हणजे केंद्रक, आणि अख्ख्या माणसाची हकिकत त्या एवढ्याशा ठिपक्यात लिहिलेली. फक्त रक्तातल्या तांबड्या पेशीत तो ठिपका नसतो. प्राणवायूचं जास्त ओझं वाहता यावं म्हणून ती केंद्रक टाकून देते आणि मरेपर्यंत फिरत राहते. हे सांगताना मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. "ये देखो, हा नालायक. तांबडी पेशी! एका जागी बसणं याला माहीतच न्हाई." वर्ग हसला, मीही हसलो. नववीत शाळा सोडली तेव्हा मात्र मॅडम हसल्या नाहीत. शहागडला हायवेवर टायरच्या दुकानात होतो, तिथं एसटी थांबली की त्या खिडकीतून विचारायच्या, "टिकलास का इथं?" मी टिकलो नाही. सुरतला गेलो, तिथून आणखी कुठं कुठं. आता हिमाचलात डोंगर पोखरायच्या कामावर आहे. प्रत्येक ठिकाणी मॅडमचा फोन आला आणि पहिला प्रश्न तोच.

आता राधाबद्दल. राधा माझी धाकटी बहीण. ती नववीत, मॅडमच्याच वर्गात होती, तेव्हा तिच्या हातावर मार न लागता काळेनिळे डाग उठायला लागले. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, मॅडमच्या आलं. त्यांनीच आमच्या आप्पांना बोलावून तिला जालन्याला दाखवायला लावलं. तिथून पुढं पुण्याला. डॉक्टर म्हणाले, हिच्या हाडातला मगज नवं रक्त करायचा थांबलाय. सख्ख्या भावाचा जुळला तर तो देता येईल, आणि लवकर द्यावा लागेल. माझा जुळला.

खर्चाचं कसंबसं जमत आलं होतं. मी कामावरून निघून आलो होतो, तयार होतो. आप्पा मात्र अडून बसले.

"मणक्यातून काढतेत. पोरगं लुळं पडतं. एक लेकरू वाचवाया दुसरं मोडू का मी?"

आप्पांचा जन्म मेंढरामागं गेलेला. दोन कोकरांतलं एक निवडायची वेळ त्यांच्यावर बऱ्याचदा आलेली, त्यामुळं त्यांचं भिणं खोटं नव्हतं. पण आत घरात राधाच्या नाकातून रक्त येत होतं, आणि ते थांबत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम एसटीतून उतरल्या. कडेवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. आम्हाला वाटलं, कुणाचं तान्हं. तो शाळेचा सूक्ष्मदर्शक निघाला. मॅडम ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, आ करा."

"आँ?"

"तोंड उघडा."

"म्या काय शाळंतलं पोर हाय?" असं म्हणत आप्पांनी तोंड उघडलं.

मग एक डोळा मिटून ते इतका वेळ पाहत राहिले की चहा निवला. डोकं वर केलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला मी आठवलो.

"हे म्या?"

"तुम्ही. आत्ता एवढं काढलं, काही कमी झालं का?"

"न्हाई."

"हाडातला मगज बी काढला की पुन्हा तयार होतो. सुई मणक्याला न्हाई लागत, कंबरेच्या मागच्या हाडाला लागते. मी डॉक्टरांना विचारून आले. धोका बिलकुल न्हाई असं मी म्हणणार न्हाई. भूल देतात, काही दिवस दुखतं. पण त्यानं पोरगा लुळा पडत न्हाई."

आप्पा जमिनीकडं बघत होते. "म्हंजी लोकरीवानी. कातरली की पुन्ना येती."

"बराबर. लोकरीवानीच."

"पर कातरणाऱ्याचा हात धड पायजे, न्हाई तर कातडी निघती. तुम्ही येता का संगं?"

"येते," मॅडम म्हणाल्या. ते रोज्यांचे दिवस होते. पुण्याच्या त्या व्हरांड्यात मॅडम रोजा धरून बसायच्या, आणि दिवस बुडताना आप्पा खालून खजूर आणून म्हणायचे, "मॅडम, टाइम झाला."

मला वाटलं होतं, माझा मगज राधाच्या हाडात भोक पाडून भरतील. त्यांनी तर तो पिशवीत टांगून हाताच्या शिरेत सोडला. मी घाबरलो. "मॅडम, हे तर रक्तात चाललं. हाडात कसं जाणार?" मॅडम म्हणाल्या, "त्या पेशींना हाड ओळखता येतं. फिरत फिरत बराबर तिथंच जातात. तुझ्यापेक्षा हुशार आहेत." त्या हसल्या, पण हातातली तसबीची जपमाळ थांबली नव्हती. कित्येक दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी रिपोर्टात पांढऱ्या पेशी दिसल्या. नव्या, माझ्या. आप्पा मॅडमच्या पायाशी वाकायला लागले, तर मॅडमनी त्यांनाच धरून रडायला सुरुवात केली.

सगळ्यात मोठा धक्का पुढं बसला. मी परत डोंगरात होतो. मॅडमचा फोन आला. "राधाचा रक्तगट 'बी पॉझिटिव्ह' होता ना? आता तुझा झालाय, 'ओ पॉझिटिव्ह'."

"मॅडम, रिपोर्ट चुकला."

"चुकला न्हाई. तिचं रक्त आता तुझ्या पेशी करतात. गाल तिचा, डोळे तिचे, रक्त तुझं. त्यातल्या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकात मुलगा असल्याची खूण बी आहे."

मागून राधा ओरडली, "मंग मला मिशा येतील का?"

"मिशा न्हाई येणार. त्याच्यासारखी शाळेतून पळू नको म्हणजे झालं." मग मॅडम मला हळूच म्हणाल्या, "भागवत, इतकी वर्षं विचारत आले. आता विचारणार न्हाई. टिकलास रे तू, राधाच्या हाडात."

मी मशीन बंद करून खाली बसलो. अजून पूर्ण उठलोय असं वाटत नाही.

आणि आता कळतंय की मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. हाही धक्काच, आणि मी तो मानत नाही. त्यांनीच शिकवलंय की तांबडी पेशी चारेक महिने जगते. म्हणजे मॅडमच्या अंगातलं रक्त याच वर्षाचं आहे. ते असंच वर्षानुवर्षं नवं होत राहो, त्यांचा एकही सांधा न दुखो, आणि नालायक म्हणून हाक मारायला त्यांचा आवाज शंभरीपर्यंत खणखणीत राहो.

मॅडमच्या साठीच्या सत्काराला मला सुट्टी मिळाली नाही. राधा आता जालन्याला कॉलेजात आहे, ती येईल, पहिल्या रांगेत बसेल. मॅडम, सवयीनं हजेरी घेतलीत तर माझंही नाव घ्या. या वेळी मी गैरहजर नाही.