ह्या काठचा गोटा

नवऱ्याला सांगितलं नाही. भावाला तर नाहीच नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा तेवढं एक ओठांच्या आतच ठेवलं — त्याला ठाऊक असेल तर असू दे, माझ्या तोंडून कशाला? आज तुला सांगते. तुलाच का, ते विचारू नकोस. आणि मध्येच ‘असू दे गं, झालं ते झालं’ म्हणणार असशील तर आत्ताच ऊठ. मला ते ऐकायचं नाही.

माझी माय आधी तुला कळायला हवी. नरडाण्याच्या अलीकडं नदीकाठी आमचं गाव. बाप लवकर गेला. मायनं एकटीनं शेत केलं, आणि बैलांना ज्या हातानं हाकलं त्याच हातानं आम्हा दोघा भावंडांना. फुकणी, लाटणं, चुलीतलं जळतं लाकूड — जे हाताला येईल ते आमच्या पाठीवर. माझ्या दंडावर अजून डाग आहे, बघ. तक्रार नाही बरं का ही! मला तिचा केवढा अभिमान होता. भर चावडीत पाटलाला शिवी हासडावी आणि डोक्यावरचा पदर तसूभर हलू नये — अशी दुसरी बाई होती का गावात?

आणि आखाजीला तर तिचंच राज्य. तुम्ही लोक अक्षय्यतृतीया म्हणता, आम्ही आखाजी. साऱ्या लेकी माहेरी येतात. झोके, गाणी, आणि पुरुषमाणसं लिंबाखाली पत्ते कुटत बसलेली. मग गौराई बोळवायला बायांनी नदीवर जायचं. वैशाखातली नदी ती — मध्ये गुडघाभर पाण्याचं डबकं, बाकी सगळे गोटे. ह्या काठी आमच्या गावच्या बाया, त्या काठी समोरच्या गावच्या. आणि मग शिव्या! पोटभर शिव्या. गोटेसुद्धा मारायचे, पण पाण्यात, फार तर पायाशी. दिवस बुडाला की सगळं विसरायचं. वर्षभर सासरी तोंड दाबून राहिलेल्या बायांची ती एकच हक्काची आरडाओरड होती. माझी माय काठावर उभी राहिली की त्या काठच्या बाया आधी हसायच्या, मग चिडायच्या, आणि शेवटी गप्प व्हायच्या. लहानपणी मी तिच्या लुगड्याला धरून उभी असायची आणि मला वाटायचं, आपल्याला कुणाचं भय आहे?

हे सगळं तुला कशाला सांगतेय? लांबवतेय, दुसरं काय.

ती म्हातारी झाली. एकदम नाही झाली — पण मी वर्षातून एकदा जायची ना, मला ती दर खेपेला एकदमच झालेली दिसायची. दात गेले. मग माणसं विसरायला लागली. मग लुगडं ओलं व्हायला लागलं आणि तिला कळेना. तुला वाटेल, लेकीचं काळीज पिळवटलं असेल. छे! मला राग यायचा. असला राग की दात आवळले जायचे. ज्या बाईनं मला डाग दिला ती बाई अशी लाळ गाळत बसते म्हणजे काय? मला वाटायचं, ही मुद्दाम करते. वाटायचं, हिला धरून गदागदा हलवावं आणि आत दडून बसलेली माझी माय बाहेर काढावी.

त्या आखाजीला सकाळीच भाऊ म्हणाला, ‘अक्का, आते मायले तूच लई जाय.’ त्याची बायको आत भांडी आपटत होती. मी धुळ्याला दोन खोल्यांत राहणारी, आमचे हे कापसाच्या जिनात मुकादम, घरात सासू आधीच अंथरुणाला खिळलेली. मी म्हटलं, बघू. पण दिवसभर डोक्यात तेच — ही आता माझ्या घरात. ही, आणि हिचं ओलं लुगडं.

संध्याकाळी नदीवर तिला आणायलाच नको होतं. पण कोण थांबवणार? आली. काठावर उभी राहिली, कमरेवर हात, अगदी पहिल्यासारखी. मला वाटलं, आता बघा! आणि तिनं तोंड उघडलं — अर्धी शिवी, आणि पुढचं आठवेना. पुन्हा तीच अर्धी. पुन्हा तीच. त्या काठच्या बाया हसल्या. हसू दे, त्यांचं कामच ते. पण मग आमच्या हसायला लागल्या. आमच्या काठच्या! लुगड्याचा कासोटा सुटून गोट्यांवर लोळत होता आणि ती आपली तीच अर्धी शिवी घेऊन उभी. मी पुढं झाले, दंड धरला, म्हटलं चल घरी. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं — ओळखलं नाही. समोरच्या गावची समजली का, कोण जाणे. सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली आणि थुंकली. हसण्याचा जो काय गलका झाला!

मी मागं झाले. ती नदीकडं पाठ करून माझ्याकडं तोंड करून उभी राहिली आणि तीच अर्धी शिवी आता मला द्यायला लागली. हातात गोटा कधी आला? खोटं कशाला बोलू, आला नाही — मी वाकले आणि उचलला. चांगला हाताच्या मुठीत मावेल असा बघून उचलला. पायाशी मारला का? नाही. पाण्यात? नाही. तोंडावर मारला. ते तोंड बंद व्हावं म्हणून मारला. नेम धरून मारला, आणि हातून सुटताना मला हलकं वाटलं — हेसुद्धा ऐकून घे. हलकं वाटलं.

डाव्या डोळ्यावर बसला. ती ओरडलीसुद्धा नाही, मटकन खाली बसली, आणि बोटांच्या फटींतून रक्त लुगड्यावर. मी वाकले त्याआधीच दोन्हीकडून गोट्यांचा पाऊस सुरू झालेला, साऱ्यांच्या नजरा त्या काठावर. कुणी पाहिलं नाही. बाया किंचाळल्या, पुरुष पत्ते टाकून काठ्या घेऊन धावत आले. भावानं मायला उचललं आणि विचारलं, कोणी? कोणी मारला?

मी बोट दाखवलं.

त्या काठी एका मोठ्या दगडावर केसर उभी होती. समोरच्या गावची लेक, माझ्याच वयाची, आखाजीला माहेरी आलेली. तिचा नेम दोन्ही गावांत नावाजलेला — चिंच पाडावी तर केसरनं. मी बोट दाखवलं तेव्हाही तिच्या हातात गोटा होताच. मग काय विचारतेस! आमची माणसं डबक्यातून पलीकडं गेली. तिच्या थोरल्या भावाचा हात कोपरातून मोडला — कडाक् झालेलं मी ह्या काठावर ऐकलं. केसरला झिंज्या धरून गोट्यांवरून फरफटत पाण्यापर्यंत आणली. ती ओरडत होती, मी नाही, मी नाही. आणि मग तिच्याच धाकट्या भावानं पुढं होऊन तिला लाथ घातली, सगळ्यांनी बघावं म्हणून — म्हणजे आमचे लोक थांबतील. थांबले. दोन्ही पाटलांनी बसून मिटवलं. फौजदारापर्यंत काही गेलं नाही. ठरलं एवढंच, की केसरनं पुन्हा माहेरच्या शिवेत पाय ठेवायचा नाही. तिच्या भावांनीच तशी शपथ घेतली.

एक शब्द बोलले असते तर? मायची पाठ नदीकडं होती. त्या काठचा गोटा तिच्या डोळ्याला लागणार कसा? हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी मात्र कितीतरी दिवस वाट पाहत होते, आता येईल कुणाच्या तरी डोक्यात, आता येईल.

डोळा गेला. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून ती माझ्याच घरी राहिली. झालं भावाच्या मनासारखं. आणि गंमत बघ, मायनं सारं मान्य केलं. कुणीही भेटायला आलं की ती स्वतःच सांगायची, ती केसर, तो दगड, ते नेम धरणं. रंगवून सांगायची! मी चुलीपाशी बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, सुटले. हिला आठवत नाही.

मग एकदा तिला वेणी घालायला मी तेलाचा हात वर केला, आणि तिनं तळव्यानं उरलेला डोळा झाकला.

आमचे हे असोत, शेजारीण असो, कुणीही हात उचलला तर काही नाही. फक्त माझा हात वर गेला की तळवा डोळ्यावर. मी तिथंच समजले. तुला वाटतं मी रडले? पाय धरले? अगं, मला ते सोयीचं वाटलं. भाकरी खात नाही — हात वर. अंथरूण ओलं केलं — हात वर. बडबडते, झोपू देत नाही — हात वर. मारायची गरजच पडायची नाही. ती डोळा झाकून, अंग चोरून, मुकाट होऊन जायची. माझी माय! पाटलाला शिवी हासडणारी! आणि आळीतल्या बाया म्हणायच्या, सोनाबाई, लेक असावी तर अशी, मुलगासुद्धा एवढं करणार नाही. मी मान खाली घालायची. त्यांना तो विनय वाटायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका दुपारी दारात केसर उभी. धुळ्याला कुणाच्या लग्नाला आली होती, पत्ता विचारत विचारत आलेली. केस पांढरे, अंग वाळलेलं. आत आली ती थेट मायच्या पायांवर. रडायला लागली. म्हणाली, ‘दगड मन्हाच व्हता व माय. मीच मारा व्हता. माफ करी टाक.’

तुला कळतंय का? तिला खरंच वाटायला लागलं होतं. सगळ्यांनी इतकी वर्षं सांगितलं, म्हणून तिलाच आठवायला लागलं होतं की आपण मारला. मी चहाचं आधण ठेवलं होतं. मी त्यात साखर टाकली.

मायनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, ‘माहेरले जास का व बेटा?’ केसरनं मान हलवली, नाही. मायनं तिची हनुवटी वर केली, तोंड नीट पाहिलं. मग माझ्याकडं वळली. इतकी स्वच्छ नजर मी तिची त्या दहा-बारा वर्षांत पाहिली नव्हती.

‘सोने, हिले सांग ना व.’

एवढंच म्हणाली. पुन्हा म्हणाली, ‘सांग ना.’ आणि मी काय केलं? डोक्यावरचा पदर सारखा केला. पदरच सारखा केला गं, दुसरं काही नाही — पण हात वर नेला तो हळू नेला, तिला दिसेल असा. तिनं तळव्यानं डोळा झाकला आणि गप्प झाली. पुन्हा बोलली नाही.

केसरला काही उमजलं नाही. तिला वाटलं, म्हातारीला रडू आलं. चहा घेतला, उठली, माझे हात हातात धरले. म्हणाली, ‘बहीण, मन्हा भाऊसले निरोप देजो, मायनी माफ करं म्हनीसन.’ म्हणजे तिला आखाजीला माहेरी येऊ देतील. मी म्हटलं, हो, देते. तिनं माझी बोटं कपाळाला लावली.

माय त्याच थंडीत गेली. दिवस करायला मी गावी गेले, पंधरा दिवस राहिले. समोरच्या काठावर केसरचे भाऊ रोज सकाळी गुरं पाण्यावर आणायचे. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. निरोपात माझं नावसुद्धा नव्हतं — तरी नाही दिला. बोलणं निघालं असतं, आणि निघता निघता कुणीतरी विचारलं असतं, म्हातारीचं तोंड कुठल्या काठाकडं होतं.

केसर अजून आहे. आखाजीला ती सासरीच असते.