माझा ग्रॅनाइट आणि सासूबाईंचा टेबलक्लॉथ

मी सासूबाईंना मुळीच घाबरत नाही. (त्या नागपुरात आणि मी अमेरिकेत नेपरव्हिलमध्ये असले, की हे अगदी खरं असतं.)

दोन हजार आठच्या हिवाळ्यात आम्ही ओट्याला नवा ग्रॅनाइट बसवला. आता तो मिरवायचा कसा? शेजारच्या मेईने युक्ती सांगितली. त्यांच्या चिनी साइटवर म्हणे कुणी सरळ स्वतःचं कौतुक करत नाही. रडगाणं चिनीत गायचं, भाव खायचा शब्द तेवढा इंग्रजीत लिहायचा आणि उरलेलं फोटोच्या कोपऱ्यावर सोपवायचं. तिने स्वतः 'पाय फार दुखतात' असं लिहून पायाशी पॅरिसची महागडी बॅग ठेवली होती. मी चाटच पडले.

लगेच मी ओट्याचा फोटो नेटवर टाकला. खाली मराठीत लिहिलं, 'पुसून पुसून हात गेले बाई!' आणि पुढे इंग्रजी अक्षरांत 'न्यू ग्रॅनाइट'.

पाच मिनिटांत नागपूरहून नणंदेची कॉमेंट आली. "वहिनी, मागे दाराशी बुटांखाली आईचा टेबलक्लॉथ आहे का गं?"

मी फोटो मोठा करून पाहिला. सासूबाईंनी दहा रात्री जागून, डोळे फोडून विणलेला, माझ्या लग्नातला क्रोशाचा टेबलक्लॉथ! त्यावर बर्फात भिजलेले चार जोड बूट. आणि सासूबाई तीन आठवड्यांनी सहा महिने राहायला येणार होत्या.

मी फोटो काढून टाकला, पण तोवर नणंदेने आईला दाखवलाही होता. आई काय म्हणाल्या, असं मी भीतभीत विचारलं, तर म्हणे काहीच बोलली नाही. हे ऐकून तर माझी झोपच उडाली, कारण बोलणाऱ्या सासूबाई मला सोसवतात, गप्प सासूबाई सोसवत नाहीत. टेबलक्लॉथ तीनदा धुतला तरी बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे डाग जाईनात. नवरा म्हणाला, सॉरी म्हण आणि मोकळी हो. (त्याला काय, तो दिवसभर ऑफिसात!)

सासूबाई आल्या. मी पाया पडले. त्यांनी बॅगेतून एक नवा, दुप्पट मोठा टेबलक्लॉथ काढला.

"तो बुटांना लहान पडत होता ना," त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणून हा मोठा विणला."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याकडून त्या टेबलक्लॉथसोबत स्वतःचा फोटो काढून घेतला आणि खाली लिहायला सांगितलं, 'डोळे अधू झाले, पण सुनेचे बूट फार. विणावंच लागतं.' सगळं नागपूर हळहळलं. मेईला अर्थ सांगितला, तर तिने विचारलं, या शिकवणी घेतात का?

फोटोच्या कोपऱ्यात माझा ग्रॅनाइटही आला होता. त्याच्याबद्दल मात्र एकच कॉमेंट आली, नणंदेची.

"वहिनी, ओटा पुसायचा राहिलाय."