खटका लावलेला होता

२०२३ साल. मला एकाहत्तर पूर्ण झाली होती. शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या झटक्यात. मी पोलिसात शिपाई लागलो तेव्हा तेवढं पुरायचं. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि पुढे मुलाने आम्हा नवराबायकोला परदेशात, स्कोफिल्ड्सला बोलावून घेतलं. इथं माझ्याकडे दोन कामं होती. सोमवारी रात्री कचऱ्याची बिन बाहेर लावायची, मंगळवारी आत आणायची. उरलेल्या वेळात, जो सापडेल त्याला मी पिस्तूल कसं बाळगलं ते सांगायचं.

सापडणारेही ठरलेले होते. संध्याकाळी पार्कात चकरा मारायला आमच्यासारखीच मुलांकडे आलेली माणसं यायची. कुणी बँकेतून मॅनेजर होऊन सुटलेला, कुणी कॉलेजात शिकवलेला. त्यांच्या गप्पा मुलांच्या बढत्यांवर आणि गुडघ्यांवर चालायच्या. मला त्यातलं फारसं बोलता यायचं नाही. मग मी खटक्यावर यायचो.

पिस्तुलाच्या अंगाला, अंगठा पोचेल तिथं, एक बारका खटका असतो. सेफ्टी. तो लावला की चाप ओढला तरी गोळी सुटत नाही. पिस्तूल बाळगणाऱ्यांत यावरून दोन पंथ आहेत. एक म्हणतो, खटका लावल्याशिवाय कमरेला लावू नका. दुसरा म्हणतो, वेळ आली की खटका काढायचं सुचणार नाही आणि हकनाक मराल, त्यापेक्षा बोट चापापासून लांब ठेवायला शिका. मी पहिल्या पंथाचा, आणि कट्टर. बावीस वर्षं एका बड्या साहेबांचा बॉडीगार्ड होतो, खटका लावल्याशिवाय एक पाऊल टाकलं नाही, असं मी सांगायचो. मॅनेजर मान डोलवायचे. त्यांच्या आयुष्यात पिस्तूल कधी आलंच नव्हतं, डोलवायला काय जातंय.

घरात मात्र माझी सून होती. ती पॅरामॅटाला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. कॉलेजात असताना पुण्यात एनसीसीची रायफल चालवायची, बक्षिसं होती. लग्न झालं, व्हिसा झाला, दोन मुलं झाली, आणि रायफल राहिली ती राहिलीच. धाकटा शाळेत जायला लागल्यावर तिने इथल्या पिस्तूल क्लबात नाव घातलं. नव्या माणसाला सहा महिने पारखून बघतात, मगच क्लबची सही मिळते आणि पुढे लायसन्सचा अर्ज जातो. तिचे पाच महिने झाले होते. सकाळी चहा करता करता ती रिकामा हात समोर धरून एका डोळ्याने मिक्सरवर नेम धरायची. इतकं मन लावून तिला दुसरं काही करताना मी पाहिलं नाही.

एके दिवशी जेवताना मी तिला खटक्याचं महत्त्व सांगायला बसलो.

"बाबा, आमच्याकडे कुणी कमरेला लावतच नाही," ती म्हणाली. "टेबलावर ठेवायचं. गोळ्यांचं मॅगझिन बाहेर, वरची स्लाइड उघडी, आत काही नाही. सेफ्टीवर आम्ही विश्वासच ठेवत नाही."

"मग ते पिस्तूल नाही, इस्त्री आहे तुमची," मी म्हणालो.

आमची ही हसली. सूनही हसली. ती म्हणाली, "या शनिवारी चला. पाहुणा म्हणून एकदा येता येतं. बघा तरी."

मुलगा त्या आठवड्यात कामानिमित्त मेलबर्नला गेला होता. तो असता तर त्याने नक्की अडवलं असतं. तो मला ओळखतो.

शनिवारी मी बूट पॉलिश केले, पांढरा शर्ट खोचला. साखर वाढल्यापासून मी भात सोडला होता, त्यामुळे पँट कमरेत सैल झालेली. पट्टा लावा म्हणून ही मागे लागली. पोलिसाला पट्ट्याचं काय सांगतेस, म्हणून मी तो मुद्दाम खुंटीवर ठेवला.

क्लबात पत्र्याच्या लांब शेडखाली टेबलं मांडलेली, समोर मातीचा बांध. सूनबाईने माझा फॉर्म भरला, मी मराठीत सही ठोकली. हुकूम द्यायला एक बाई होती. सत्तरीच्या पुढची, आखूड चड्डी, उन्हाने भाजलेले पाय, गळ्यात शिट्टी. रेंज ऑफिसर म्हणे. तिने अर्धा तास नवख्यांना नियम सांगितले. सून कानाशी येऊन मराठीत सांगत होती, आणि मी माहीत आहे, माहीत आहे करत बांधावरच्या मैना मोजत होतो.

मला पॉइंट टू-टूचं बारकं पिस्तूल दिलं. पाच गोळ्या. हातात आलं आणि पाठ आपोआप ताठ झाली. चार गोळ्या मारल्या. तीन कागदात, एक कुठं गेली ते ती गोळीच जाणे. पाचवी मी ठेवली. आमच्या उस्तादाने भरतीच्या काळात शिकवलं होतं की मॅगझिन कधी पुरतं रिकामं करायचं नाही, शेवटची राखायची. कमरेला पिस्तूल आणि आत काही नाही, तो शिपाई नव्हे, वाण्याच्या दुकानातला वजनकाटा.

एवढ्यात शिट्टी झाली. सगळ्यांनी पिस्तुलं उघडून टेबलावर ठेवली आणि एक पाऊल मागे सरले. मी अंगठ्याने खटका लावला, पिस्तूल पँटीत खोचलं, आणि सूनबाईने बघितलं का म्हणून गर्रकन वळलो.

बघितलं होतं. तिचा चेहरा चुन्यासारखा झालेला.

"बाबा, हलू नका. हात लावू नका त्याला."

ती बाई चालत आली. धावली नाही. मला दोन्ही हात बाजूला धरायला लावले, बांधाकडे वळवलं, आणि माझ्या कमरेतून पिस्तूल ओढून काढलं. पिस्तूल निघालं तशी पँटही निघाली. मी दोन्ही हातांनी ती धरली आणि तसाच उभा राहिलो. अख्ख्या शेडमधली माणसं छताकडे बघत होती. तिने स्लाइड ओढली. पाचवी गोळी टणकन टेबलावर पडली. तिने ती दोन बोटांत धरून माझ्या नाकासमोर आणली.

"सेफ्टी ऑन," मी म्हणालो. "पोलीस. इंडिया. ट्वेंटी टू इयर्स."

ती काहीतरी म्हणाली. सून हळूच म्हणाली, "त्या म्हणतायत, मी ते विचारलं नाही. सॉरी म्हणा, बाबा."

"कशाला? खटका लावलेला होता."

सुनेने आणखी एकदा सांगितलं. मी दोन्ही हातांत पँट धरून मान ताठ ठेवली. बाई सुनेशी बाजूला जाऊन बोलली. परत येताना सून माझ्याकडे बघत नव्हती.

गाडीत ती समोर बघतच म्हणाली, "पाहुण्याची जबाबदारी मेंबरवर असते. हे त्या बाईंना रजिस्टरला लिहावंच लागेल. सोमवारी कमिटी बसते. माझी सही थांबेल, कदाचित नावच काढतील."

"तुझा काय संबंध? मी केलं."

"मी आणलं ना तुम्हाला." मग म्हणाली, "उद्या आठ वाजता नव्या लोकांना नियम सांगायचं ब्रीफिंग आहे. तुम्ही ते पुन्हा बसून ऐकलं आणि काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, तर त्या तेही लिहितील. तेवढंच. पण मी तुम्हाला जा म्हणणार नाही."

म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी नाही म्हणून मोकळा झालो असतो.

घरी आल्यावर मी हिला झालेलं सांगितलं, पँटीचं वगळून. पँटीचं सुनेने सांगितलं. ही भेंडी चिरत होती. सुरी खाली ठेवून सुनेला म्हणाली, "तुला डब्याची गोष्ट सांगितलीय का यांनी?"

"तू गप बस," मी म्हणालो.

"पस्तीस वर्षं गप बसले. अगं, बावीस वर्षं कसली? चौदा. पंधराव्या वर्षी हे साहेबांचं सामान जीपमध्ये ठेवायला वाकले. पिस्तूल असंच कमरेत खोचलेलं, खटका लावलेला. पट्ट्याला घासून तो कधी सरकला यांना कळलंच नाही. पिशवीचा बंद चापात अडकला, आणि गोळी साहेबांच्या जेवणाच्या डब्यातून पार. नशीब साहेब मोरीत होते. पुढची आठ वर्षं हे फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची नावं लिहीत होते. पोराला सांगितलं, बढती झाली."

सून माझ्याकडे बघायला लागली. हसेल असं वाटलं होतं. हसली असती तर मी चिडून उठलो असतो आणि ते सोपं गेलं असतं. तिने एवढंच विचारलं, "कुणाला लागलं नाही ना, बाबा?"

"वांग्याच्या भाजीला," मी म्हणालो.

ती उठून मुलांना आंघोळ घालायला गेली. जाताना तिने आपली क्लबची टोपी खुंटीवरून काढली आणि कपाटात वरच्या फळीवर, हिवाळ्याच्या ब्लँकेटांमागे सारली.

रात्री मी जेवलो, औषध घेतलं, आडवा झालो. झोप काही येईना. डब्याच्या चौकशीतही मी हेच म्हणालो होतो, खटका लावलेला होता. चौकशीच्या साहेबाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि मला फाटकावर पाठवलं. मी मात्र सगळा राग त्या खटक्याच्या कंपनीवर काढला, आणि पार्कात येऊन त्याच खटक्याची आरती ओवाळत बसलो. सातवी शिकलेल्या माणसालाही यातली गफलत कळायला हवी. मला कळायला एकाहत्तर वर्षं आणि एक सैल पँट लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी पट्टा बांधला, सुनेच्या खोलीचं दार वाजवलं आणि म्हणालो, "बाळा, गाडी काढ. इंग्रजीतलं तेवढं तू सांग." आठ वाजता पत्र्याच्या शेडमध्ये नवख्यांच्या पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो, शिट्टीवाल्या बाईने बोलावल्यावर उठलो, आणि सॉरी म्हणून शनिवारच्या चुकीपासून सुरुवात केली. मग कुणी न विचारता डब्याचीही सांगितली, आणि सून माझ्या शेजारी उभी राहून एकेक वाक्य इंग्रजीत करत गेली.