वय वर्षे तीन आणि पुढे

पस्तीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत घालवलेल्या फिटरबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. महिन्याभराने बोटं थोडी हलायला लागली, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या तरुण डॉक्टरने त्यांच्यापुढे रंगीत ठोकळ्यांचा डबा ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'वय वर्षे तीन आणि पुढे'.

"एकावर एक बसवा, आजी."

बाईंनी एक दाबला. टक्कन बसला. दुसराही बसला. मग त्यांनी डबा डाव्या हाताने परत सरकवला. "हे आपलं आपण बसतं. यात माझं काय काम?"

त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. "माळ्यावरचा आपला पत्र्याचा सेट घेऊन ये."

आपला म्हणायचा एवढंच. वडिलांनी आणला होता भावासाठी. भोकांच्या पट्ट्या, पितळी नट-बोल्ट, बोटभर पान्हा. "पोरीच्या हातात पान्हा शोभतो का?" आई म्हणायची. भावाला तासाभरात कंटाळा यायचा, आणि ही पलंगाखाली शिरून क्रेन उभी करायची. पत्र्याने बोट कापलं, तर पेन्सिलीला टोक काढताना लागलं म्हणून सांगायची.

भाऊ आला तो नातवाचा नवा सेटही घेऊन. "ताई, हा बघ. मोटर आहे, मोबाईलवर चालतो. गंज नाही, कापायची भीती नाही."

"आपोआप चालतो?"

"मग!"

"मग मी काय करू, टाळ्या वाजवू? त्यालाही दोन हात लागतात."

भावाने पत्र्याचा डबा उघडून दिला.

पहिला आठवडा नट नुसते पडत राहिले. "उगाच चिडचिड होईल," डॉक्टर म्हणाला. "ठोकळेच बरे."

"चिडू दे मला."

दुसऱ्या आठवड्यात नट बोल्टवर टेकला, पण तिरका. बाई डोळे मिटून आटे चाचपत बसायच्या. जबरदस्ती केली की आटे जातात, हे त्या हाताला पूर्वी कधी सांगावं लागलं नव्हतं. विसाव्या दिवशी नट फिरला. अर्धा वेढा, मग पुरता. त्यांनी डोळे पुसले आणि दुसरा बोल्ट उचलला.

"जमलं की हो!" डॉक्टर वाकून बघत होता. "दिसतं त्यापेक्षा सोपं आहे वाटतं."

"बस इथे. बोल्ट उजव्या हातात धर, नट डाव्याने लाव."

नट तीनदा त्याच्या बोटांतून निसटला आणि टेबलाखाली गेला.

"उचल आणि परत लाव," बाई म्हणाल्या. "मला वेळ आहे."