दारातून न दिसणारा फळा

"इकडं ये. ह्या पेटीचं घनफळ काढ."

गुरुजींनी खडू माझ्या हातात दिला नाही. खाली टाकला. मी वाकून उचलला. फळ्यावर पेटीचं चित्र होतं, कडांवर आकडे. कुठला आकडा कशाचा, मला कळेना. मी नुसती बघत राहिले. पाठीमागं सहावीचा अख्खा वर्ग.

गुरुजी वर्गाकडं वळले. "हिची माय तळ्याच्या कामावर माती खणती. खणायला घनफळ लागत न्हाई. तोंड चालतंय ह्या लोकांचं, डोकं न्हाई."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखी. गुरुजींच्या बोलण्यापेक्षा त्या माझ्या हसण्याची लाज मला आजही जास्त वाटते.

गाव निलंगा तालुक्यातलं. लातूर जिल्हा तेव्हा व्हायचा होता. बौद्धांच्या घरची आम्ही तिघं वर्गाच्या दाराशी बसायचो. तसा काही लेखी नियम नव्हता. पहिल्या दिवशी गुरुजींनी बोट दाखवलं आणि ती जागा आमची झाली. फळा दाराच्याच भिंतीला. तिथून तो तिरपा दिसायचा आणि पलीकडच्या खिडकीतल्या उन्हानं नुसता चकाकायचा. मराठी, इतिहास मी ऐकून शिकले, त्यात पहिली आले. गणितात शंभरात नऊ. मी ढ आहे हे मी स्वतःच मान्य करून टाकलं होतं. मायही म्हणायची, "आपल्यात कुणाला आलंय गणित?"

दुष्काळाचं साल होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही मायबरोबर तळ्याच्या कामावर गेले. माय खणायची, मी पाट्या वाहायची. प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता सोडायचा. त्यावरून मूळ जमीन किती उंच होती ते कळतं. संध्याकाळी ओव्हरसियर टेप घेऊन यायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "लांबी दहा, रुंदी दहा, खोली दोन. दोन ब्रास." 

पहिल्या दिवशी ऐकलं. दुसऱ्या दिवशी काडीनं मातीत लिहून बघितलं. तिसऱ्या दिवशी तो बोलायच्या आधी माझं उत्तर तयार होतं. दहा दाहे शंभर, शंभर दुणे दोनशे घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, आणि मजुरी ब्रासवर. खड्डा म्हणजे गुरुजींची तीच पेटी. फक्त ही माझ्या डोळ्यांसमोर होती, मी तिच्यात उतरू शकत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. राग आला. मी ढ नव्हते. मला फळा दिसत नव्हता, एवढंच. आणि हे गुरुजींना ठाऊक नसेल?

एका दुपारी भाकरी खाऊन परत आलो, तर आमच्या खांबाच्या माथ्यावरचं वाळलेलं गवत गायब. माथा ताज्या मातीचा. मुकादमानं वरून छाटला होता; आमचं कापलेलं माप तो आपल्या माणसांच्या नावावर चढवायचा. संध्याकाळी ओव्हरसियरनं खांबाला टेप लावला. "खोली दीड."

माय खाली मान घालून उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, "खांब छाटलाय साहेब. कडंला मोजा. दोन भरतंय. दोन ब्रास व्हतंय, दीड न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. कडेला टेप लावला. दोन. वहीत दोन लिहिलं. मुकादमानं हजेरीची वही काखेत मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीत मायचं नाव पुकारलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढं आठवडाभर आम्ही हजेरीला जायचो आणि कुदळ घेऊन परत यायचो. घरातली रेशनची मिलो ज्वारी डब्याच्या तळाला गेली. मायनं मला मारलं नाही. एवढंच म्हणाली, "गणित शिकलीस, चांगलं केलंस. आता गप बसायला शीक."

तेवढंच मला जमलं नाही. येत नाही म्हणून हसतात. येतं म्हटलं तर उपाशी ठेवतात. जायचं कुठं?

जूनमध्ये सातवी. तेच गुरुजी. मी दप्तर उचललं आणि पहिल्या रांगेत, फळ्यासमोर जाऊन बसले. शेजारची मुलगी लांब सरकली. गुरुजी म्हणाले, "जाग्यावर जा."

"तिथनं फळा दिसत न्हाई गुरुजी."

"मग उभी ऱ्हा."

उभी राहिले. तिथंच, फळ्यासमोर. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवाळीपर्यंत गणिताचा एकही तास मी बसले नाही. पोटऱ्या भरून यायच्या. पण फळ्यावरची एकही ओळ सुटली नाही. दिवाळीनंतर उभी राहा म्हणायचं गुरुजींनी आपणहून सोडलं. वार्षिक परीक्षेत शंभरात ब्याण्णव. गुरुजींनी पेपर हातात दिला नाही. बाकावर टाकला.

आता लातूर जिल्हा झाला आहे. नव्या पाट्या, नवी कार्यालयं. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं, शहरातल्या एका शाळेत लागले. काल मुख्याध्यापकांनी वेळापत्रक पुढं केलं. माझ्या नावापुढं मराठी.

"मॅडम, तुमचं बोलणं किती छान आहे! मराठी घ्या. दहावीचं गणित तुम्हाला जड जाईल."

गुरुजींचं तेच वाक्य. इस्त्री करून आणलेलं.

मी सही केली नाही. त्यांनी खुर्ची दाखवली. "बसा ना, शांतपणे बोलू."

मी बसले नाही. आजही दोन वेळा जाऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहून आले. उद्याही जाणार आहे. दहावीच्या गणितापुढं माझं नाव लिहिलं जाईपर्यंत मी त्या खुर्चीत बसणार नाही. उभं राहायला मी सातवीतच शिकले आहे.